कव्हरावरच्या बाईचा चेहरा

ठाण्याला जांभळी नाक्याकडून स्टेशनकडे जाताना गोपीनाथराव कर्णिकांचं रेकॉर्डचं दुकान लागायचं. दुकान एवढंसं, पण त्यातल्या फोनोच्या कर्ण्याचा आवाज एवढा, की वारा खाडीकडे वाहत असला तर कळव्याच्या पुलावर म्हशी थबकून माना वळवत. असं निदान गोपीनाथराव सांगत, आणि म्हशींना विचारायला कोण जातंय?

दुपारी गोपीनाथराव जेवून माडीवर आडवे झाले, की दुकानात त्यांची मुलगी वासंती बसायची. मॅट्रिक झालेली, बोलायला कुणाला हार न जाणारी. गिऱ्हाइकांचे तऱ्हेतऱ्हेचे नमुने तिने पाहिले होते. गाण्याचं नाव ठाऊक नाही म्हणून अख्खी चाल नाकातून गुणगुणून दाखवणारे होते. शीळफाट्याहून एकजण फुटकी अर्धी रेकॉर्ड घेऊन आला होता आणि उरलेलं अर्धं गाणं बदलून मागत होता. पण १९५४ सालच्या श्रावणात त्या दुपारी जो आला, तसा नमुना तिनेही पाहिला नव्हता.

बाहेर पाऊस पडत होता आणि ऊनही पडलं होतं. दोघांपैकी कुणी माघार घ्यायला तयार नव्हतं. एक तरुण दारात छत्री झटकून आत आला. बोटांना शाईचे डाग, डोळे मात्र स्वच्छ. त्याने फळीवरच्या रेकॉर्डी वरपासून खालपर्यंत न्याहाळल्या आणि म्हणाला, "एक कव्हर द्या."

"कुठल्या गाण्याचं?"

"गाणं नको. नुसतं कव्हर."

वासंतीची एक भुवई वर गेली. "घरी फोनो आहे?"

"नाही."

"मग कव्हरात ठेवणार काय?"

"ठेवणार काही नाही… बघणार."

त्याने गल्ल्यावरचं एक रिकामं कव्हर उचललं, उजेडात धरलं. खाकी कागदाचं चौकोनी पाकीट, मधोमध गोल भोक, भोवती निळ्या शाईत वेलबुट्टी. ते त्याने वरून पाहिलं, खालून पाहिलं, आणि शेवटी डोळ्यांसमोर धरून त्या भोकातून थेट वासंतीकडे पाहिलं.

"तिथून लेबल वाचतात," वासंती म्हणाली. "माणसं नाही."

"लेबलावर काय लिहिलंय ते अजून कळलं नाही," तो म्हणाला आणि कव्हर खाली ठेवलं. कानापर्यंत लाल झाला तो, पण बोलायचं ते बोलून बसला होता.

त्याचं नाव श्रीपाद. कल्याणला पारनाक्यावर पंढरीशेठच्या छापखान्यात तो चित्रं काढायचा. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, केसांच्या तेलाची लेबलं, जे येईल ते. रेकॉर्डचं कव्हर मात्र त्याच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि त्याचा त्याला ध्यास लागला होता. वासंतीने फाटकं म्हणून बाजूला काढलेलं एक कव्हर त्याला दिलं. पुढच्या शनिवारी दुसरं द्यावं लागलं. दुकानात इतकी कव्हरं एकाएकी फाटायला कशी लागली, याचा गोपीनाथरावांना पत्ता लागला नाही.

त्या शनिवारांच्या दुपारी वासंतीने त्याला कव्हरांचे सगळे रीतिरिवाज शिकवले. कव्हरावर गाण्याचं नाव कधी छापायचं नाही, कारण एकाच कव्हरात आज लावणी तर उद्या भजन जायचं. नाव वाचायचं ते भोकातून, रेकॉर्डच्या लेबलावर. म्हणून भोक लेबलाएवढंच हवं. मोठं झालं तर धूळ शिरते, लहान झालं तर गाणाऱ्याचं आडनाव झाकतं आणि घरात भांडणं होतात. वर कंपनी, खाली दुकानदार, मागच्या बाजूला सूचना: दर वेळी नवी सुई वापरा, रेकॉर्ड उन्हात ठेवू नका. श्रीमंत घरी पुठ्ठ्याचे आल्बम असत, जाडजूड पोथीसारखे, आत पाकिटांची पानं. पण त्या पानांनाही मधे भोक असायचंच.

"म्हणजे सगळा कागद कडेच्या नक्षीसाठी," श्रीपाद म्हणाला, "आणि मधली जागा रिकामी."

"रिकामी कशी? तिथे तर गाणं दिसतं."

तो नुसता बघत राहिला आणि वासंतीने उगाचच सुयांची डबी उघडून पुन्हा बंद केली.

याच सुमारास गोपीनाथराव मुंबईच्या कोट भागात गेले आणि एका बड्या दुकानाच्या काचेत त्यांनी विलायती लाँगप्ले रेकॉर्डी पाहिल्या. कव्हरं म्हणजे पुठ्ठ्याच्या पाट्याच, आणि त्यावर कडेपासून कडेपर्यंत रंगीत चित्र. एक मडम कोचावर रेलून, डोळे मिटून गाणं ऐकत होती. गोपीनाथराव इतका वेळ त्या काचेसमोर उभे राहिले, की दुकानातल्या नोकराने बाहेर येऊन त्यांच्या खांद्यावरची धूळ झटकली म्हणतात. घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की येत्या सणाला कर्णिकांच्या कव्हरावरही बाई येणार. आपली, मराठमोळी, गाणं ऐकणारी. ठाणं काय विलायतेपेक्षा कमी आहे?

काम श्रीपादलाच मिळालं, कारण वासंतीने सुचवलं, "तो कल्याणचा पेंटर बरा काढतो म्हणतात." कोण म्हणतात, ते वडिलांनी विचारलं नाही.

श्रीपादने बाईचा आराखडा आणून दाखवला. चेहऱ्याच्या जागी नुसता पेन्सिलीचा गोल होता. चेहऱ्याला वेळ लागतो, तो शेवटी काढीन, असं त्याने सांगितलं. गोपीनाथरावांनी पदर दोन्ही खांद्यांवर घ्यायला लावला, बांगड्या वाढवल्या, दुकानाचं नाव मोठं केलं, मग अजून मोठं केलं. सगळं पाहिलं. पाहायची राहिली ती एकच गोष्ट. त्या विलायती कव्हरांना भोक नसतं, गाण्यांची नावं पुठ्ठ्यावरच छापतात. मुंबईहून परतताना गोपीनाथरावांनी बाई तेवढी लक्षात ठेवली होती, भोक नसल्याचं विसरून गेले होते. आणि पंढरीशेठच्या छापखान्याला तर रेकॉर्डचं कव्हर म्हणजे भोक, एवढंच ठाऊक. गिऱ्हाइकाने पसंत केलेलं चित्र त्यांनी छापलं, घड्या घातल्या, चिकटवलं, गठ्ठ्यावर गोल पात्याचा साचा ठेवला आणि वरून घण घातला.

गणपतीच्या आधी हातगाडीवरून कव्हरं आली. गोपीनाथरावांनी नारळ फोडून गठ्ठा सोडला. वर सुंदर बाई. काठापदराचं लुगडं, कोपरापर्यंत बांगड्या, हात अलगद कानाकडे गेलेला… आणि मानेच्या वर आरपार भोक, त्यातून गोपीनाथरावांचाच अंगठा दिसत होता.

पुढचे चार दिवस ठाणं हसत होतं. पण हसायला आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जाईना. कव्हरात रेकॉर्ड घातली की लेबलच बाईचं तोंड व्हायचं. नाटकाची पदं लाल लेबलाची, तर बाई रागावलेली. भजनं हिरव्या लेबलाची, तर बाई आजारी. नाकाच्या जागी गाणाऱ्याचं नाव आणि कपाळावर कंपनीचं. लोक गाणं सोडून रंग मागायला लागले. खारकर आळीतल्या एकाने हिरवी बाई परत आणून दिली. सासूबाईंना तिच्याकडे बघून मळमळतं म्हणे. दुकानात अशी झुंबड कधी नव्हती. तरी गोपीनाथरावांच्या मनाला लागलं ते लागलंच. पैसे येत होते, पण अब्रू भोकातून गळत होती. त्यांनी श्रीपादला चारचौघांत मूर्ख म्हटलं. मधोमध गणपती काढून लग्नपत्रिका करणाऱ्याने तेच करावं, दुकानाची पायरी पुन्हा चढू नये, असं बजावलं. श्रीपादने मान खाली घालून छत्री उचलली.

वासंतीने त्याला फुटपाथवर गाठलं. रिमझिम पडत होती आणि तो छत्री उघडायचं विसरला होता.

"चेहरा काढला होतात ना?"

"काढला होता."

"कुणाचा?"

तो छत्रीच्या टोकाने फरशीवर काहीतरी रेघोट्या मारत राहिला. "आता तो राहिलाच नाही… मग कुणाचा हे कशाला विचारता?"

"म्हणजे कुणाचा तरी होता."

"चेहरा म्हटला की कुणाचा तरी असणारच," तो म्हणाला आणि निघून गेला.

झालं. वासंतीच्या मनात एक बाई येऊन बसली. कल्याणची असेल, पारनाक्यावरच राहत असेल. नाकात चमकी, गालाला खळी. हा रोज छापखान्यात जाताना ती खिडकीत केस विंचरत बसत असेल. वासंती रात्रंदिवस त्या बाईशी भांडायला लागली आणि ती बाई काही केल्या उलट बोलेना.

त्यात मामा एक स्थळ घेऊन आला. मुलगा डोंबिवलीचा, रेल्वेच्या कचेरीत, निर्व्यसनी. बघण्याचा कार्यक्रम झालाही. मुलगा चांगलाच होता, खोट काढायला जागाच नव्हती. त्याने तिला विचारलं, गाण्याची आवड आहे का. ती हो म्हणाली. तो म्हणाला, मला नाही, पण माझी काही हरकत नाही. त्यांच्याकडून पसंती आली. गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं ठरलं. आई विचारायची, वासंती उठून दुकानात जायची. उत्तर द्यायच्या आत तिला एकच गोष्ट कळायला हवी होती. त्या भोकात कोण होतं? ती खिडकीतली बाई असेल, तर डोंबिवली काय वाईट. आणि नसेल…

गौरीपूजनाच्या दिवशी पंढरीशेठच्या घरून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. त्यांच्या घरच्या, शेवंतीवहिनी, छापखान्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या बायकांना बोलवायच्या. गोपीनाथराव नको म्हणाले. आई म्हणाली, तुमचं भांडण पेंटरशी, गौरीने काय केलंय? आणि तिने वासंतीला धाडलं.

कल्याण स्टेशनावरून वासंती टांग्याने पारनाक्याला पोचली. खाली छापखाना, वर बिऱ्हाड. सणामुळे मशीन बंद होतं, पण शाईचा वास जिन्यापर्यंत आला होता. वर बायकांची गर्दी, कापराचा धूर, ओल्या गजऱ्यांचा वास. आणि गौरींच्या मागे अशी आरास, की बघणारीने हळदीचं बोट हवेतच धरून ठेवावं. कागदाच्या गोल चकत्यांच्या माळाच माळा, छतापासून पाटापर्यंत. हळदीने पिवळ्या केलेल्या, मधे कुंकवाचा ठिपका, माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक.

वासंतीने विचारलं, या चकत्या कुठून आणल्या? शेवंतीवहिनींचा ऊर भरून आला. त्यांनी कौतुकाने सांगितलं की छापखान्यातला कागदाचा कपटासुद्धा त्या वाया जाऊ देत नाहीत. तुमच्याच कव्हरांची भोकं ही. पोतंभर निघाली. अर्धी चणेवाल्याने नेली, तो ठाण्याच्या गाडीत विकतो, पुडीच्या तळाशी घालायला बरी पडतात. उरलेली गौरीला. एका बाजूला कसलंसं चित्र होतं, ती बाजू भिंतीकडे केली.

वासंती माळांकडे वळली. हात पुढे करावा तर सोवळ्यातली आरास. न करावा तर…

तेवढ्यात बाहेर सर आली. खिडकीचं दार आपटलं आणि ओल्या वाऱ्याचा एक झोत खोलीत घुसला. समया फडफडल्या, पदर उडाले, आणि सगळ्या माळा एकदम उलटल्या. पिवळी आरास नाहीशी झाली. छतापासून पाटापर्यंत, गौरींच्या डाव्या-उजव्या बाजूला, जिथे बघावं तिथे एकच मुलगी, एक भुवई किंचित वर करून, आता काहीतरी बोलेल अशी.

बायका माळांकडे बघत होत्या, मग वासंतीकडे, मग पुन्हा माळांकडे. शेवंतीवहिनी हळूच म्हणाल्या, "अगो बाई… ही तर तूच की गं."

खिडकीत केस विंचरणारी बाई त्याच क्षणी उठून गेली, ती कायमची. वासंतीने कसंबसं कुंकू लावून घेतलं, माळेतून गळून पडलेली एक चकती उचलली आणि जिना उतरली.

श्रीपाद खाली छापखान्यात होता. सण असून एकटाच एक पाटी रंगवत बसला होता. तिने चकती त्याच्या समोर धरली. त्याने ब्रश पाण्याच्या पेल्यात ठेवायच्या ऐवजी चहाच्या कपात ठेवला.

"हे… हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"वर. गौरीच्या मागे. सगळ्या कल्याणने पाहिलं आत्ता. इतकं मोठं भोक पडणार हे तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं होतं."

चकती धरलेला वासंतीचा हात खाली आला.

"भोकाचा विसर तुमच्या वडिलांना पडला होता," श्रीपाद म्हणाला. "मला नाही. कव्हरांचे रीतिरिवाज मला तुम्हीच तर शिकवलेत. मी पाच बायका काढल्या. पाची वेळा तुम्हीच आलात. सहावी काढली असती तरी… मग वाटलं, हे कव्हर ठाण्याच्या घराघरात जाणार. कोण कुठला माणूस रेकॉर्ड लावताना तुमच्या तोंडावर सुयांची डबी ठेवणार. म्हणून चेहरा बरोब्बर मधे घेतला. कंपासाने मापून. म्हटलं, माझा मी काढीन, आणि घण पडला की कुणाला दिसणार नाही."

"आणि कापलेला गोल?"

"त्याचाच विचार केला नाही," तो ओशाळून म्हणाला. "भोक पडलं की कागद संपला, असं वाटलं. तो कुठेतरी जातो, हे डोक्यातच आलं नाही."

वासंतीला हसू फुटलं. ते आवरेना. हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "बाबांनी एवढ्या माणसांत मूर्ख म्हटलं, तेव्हा सांगायचंत."

"सांगायचं तर चेहरा कुणाचा तेही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा मूर्ख ठरणं सोपं होतं."

बाहेर पन्हाळीतून पाणी कोसळत होतं. वासंतीने चकतीवरची हळद बोटाने पुसली.

"मला आधी विचारायचं होतं तुम्ही."

"काय विचारणार… तुमचा चेहरा घेऊ का म्हणून?"

"तेच."

तो उभा राहिला. हातातलं फडकं खाली पडलं ते त्याला कळलं नाही. "मग… घेऊ का?"

इतके दिवस वासंतीने झुरून काढले होते, त्याने निदान दोन श्वास तरी काढावेत. मग म्हणाली, "परवा मामा डोंबिवलीला होकार कळवायला जाणार आहे. घ्यायचा असेल तर आजच ठाण्याला चला."

ती बायकांच्या डब्यात बसली, तो शेजारच्या डब्यात. मुंब्र्याच्या डोंगरावरून धबधबे उतरत होते. त्या वर्षी ते इतके जवळ आले होते की खिडकीतून हात काढला तर तांब्या भरून घेता आला असता. श्रीपादने पाहिले नाहीत. गोपीनाथरावांशी काय बोलायचं ते तो मनात घोकत होता आणि दर स्टेशनावर विसरत होता.

दुकानाशी आल्यावर घोकलेलं सगळं वाया गेलं. गोपीनाथरावांच्या पुढ्यात शेंगदाण्यांची उघडी पुडी होती, आणि बोटांत तेलाने पारदर्शक झालेली एक चकती. ती त्यांनी दिव्यासमोर धरली होती. आई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन उभी होती.

"या पेंटर," गोपीनाथराव चकतीवरून नजर न काढता म्हणाले. "पायरी चढू नका म्हटलं होतं, तरी चढलात. ही तुम्ही काढलीत?"

"हो."

वासंतीने एका दमात सगळं सांगितलं. पाच बायका, कंपास, घण, गौरीची आरास. ऐकता ऐकता गोपीनाथरावांचा चेहरा लाल लेबलाचा झाला, मग हिरव्या लेबलाचा, आणि शेवटी आपल्या मूळ रंगावर आला. त्यांनी चकती दूर धरली, जवळ धरली.

"चित्र बरं आहे," ते म्हणाले. "पण हिचं नाक एवढं सरळ नाही."

"आहे," श्रीपाद म्हणाला.

दुकानात कर्ण्यावरची माशीसुद्धा उडायची थांबली. गोपीनाथरावांना रेकॉर्डच्या धंद्यात उतरल्यापासून कुणी असं तोडून बोललं नव्हतं. त्यांनी प्रथमच त्या मुलाकडे नीट पाहिलं. तो घाबरला होता, हे दिसत होतं. पण नाकाबाबत मागे हटायचा त्याचा विचार दिसत नव्हता.

"बाबा," वासंती म्हणाली, "मामाला कळवून टाका. मला डोंबिवलीला उतरायचं नाही. मी कल्याणपर्यंत जाणार."

आईने जिन्याचा कठडा घट्ट धरला. गोपीनाथरावांनी पुडीतला एक शेंगदाणा तोंडात टाकला आणि तो सावकाश संपवला. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"इतके दिवस नुसतं पेंटर, पेंटर चाललंय. मामा आला की पहिलं हेच विचारणार," ते म्हणाले. "तुमचं आडनाव काय हो?"

श्रीपादने तोंड उघडलं.

"चौबळ," वासंती म्हणाली.